मुहूर्त पत्रिकेवर छापता, मग तो पाळा!

यंदा लग्न ठरलेल्या सर्व मुला-मुलींना जाहीर विनंती

मुलामुलींनो,

तुळशीचं लग्न झालं की गावोगाव सुपाऱ्या फुटतील, बस्ते बांधले जातील. हे पत्रक तुमच्या आईवडिलांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. थोरल्यांना सांगून आम्ही थकलो. ते म्हणतात, "पोरांची हौस आहे." पोरांना विचारावं तर म्हणतात, "घरच्यांपुढं आम्ही काय बोलणार?" मग हा उशीर आणि हे कर्ज नेमकं हवंय कुणाला?

गेल्या मे महिन्यात आमच्याच भावकीतलं एक लग्न होतं. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटं. नवरदेव मारुतीच्या देवळातून पावणेबाराला निघाला. देऊळ ते मांडव चालत पाच मिनिटांची वाट. डीजेपुढं नाचणाऱ्यांनी तेवढ्याला दोन तास लावले. मांडवाच्या दारात नवरीची आई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. निरांजन तीनदा विझलं, तिनं तीनदा लावलं. माझी आत्या ७४ वर्षांची. साखरेची गोळी घेऊन सकाळी एसटीनं आलेली, पोटात नुसता चहा. ती पत्र्याखाली खुर्चीतच कलंडली. एका करवलीच्या पर्समध्ये चॉकलेट निघालं म्हणून निभावलं.

नवरदेव पोचला तर माईक पुढाऱ्यांच्या हातात. शाल, नारळ, फेटा आणि प्रत्येकाचे "दोनच शब्द". अंतरपाट बाजूला झाला तेव्हा पावणेतीन वाजले होते. शेवटच्या पंगतीत भात संपला. वाढणारी पोरं, तीही कुणाच्या तरी घरची लेकरंच, साडेपाचला जेवली.

मुहूर्तावर विश्वास असेल तर तो असा तुडवू नका. विश्वास नसेल तर आठशे माणसांना खोटी वेळ छापून उन्हात बसवू नका. तिसरी वाट नाही.

यात सगळ्यात जास्त हात आहे तो नवरदेवाचा. मित्र तुझे आहेत, बाबा. आदल्या दिवशी त्यांना स्पष्ट सांग की काय नाचायचं ते हळदीच्या संध्याकाळी नाचा, तेही दहाच्या आत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. मिरवणूक अडलीच तर घोड्यावरून खाली उतर आणि चालू लाग. नवरदेव चालायला लागला की वऱ्हाड मागं येतंच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि माईक भटजींकडं किंवा घरच्या एका खमक्या माणसाकडं द्या. सत्कार नाहीत, भाषणं नाहीत. आलेल्या पाहुण्यांनी अक्षता टाकाव्यात आणि जेवावं. अक्षतांचंही तसंच. एकेकाच्या हातात २५ ग्रॅम तांदूळ धरला तरी आठशे माणसांचा २० किलो होतो, आणि तो पुढच्या खुर्चीतल्याच्या डोक्यावर पडून पायाखाली जातो. फुलांच्या पाकळ्या द्या.

आता पैशाचं. याद्या व्हायच्या आधी तुम्ही दोघं एकदा कागद-पेन घेऊन बसा. फोनवर तासन्‌तास बोलता, त्यातला एक तास याला द्या. मुलीनं विचारावं, "तुमच्या घरी या लग्नासाठी कर्ज निघणार आहे का?" मुलानंही तेच विचारावं. लाजू नका, कारण फेडणारे तुम्हीच आहात. गावात शेकडा तीन रुपयांनी चार लाख उचलले तर महिन्याला १२,००० रुपये नुसतं व्याज. वर्षाला १,४४,०००. मुद्दल जागच्या जागी. जेसीबीवरून उधळलेली फुलं आणि ड्रोनचं शूटिंग त्यात बसतं, पण पुढच्या साली बाळंतपणाला दवाखान्यात भरायला घरात पैसा नसतो.

"साधं लग्न केलं तर लोक काय म्हणतील?" ही शंका आपल्या मातीतली नव्हे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, कमी खर्चात आणि हुंड्याशिवाय. दीडशे वर्षांपूर्वी विरोध सोसून माणसांनी ते केलं. कायदाही फार काही मागत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात वधू किंवा वर यांच्यापैकी एकाच्या रूढीप्रमाणं विधी झाले की पुरे; सप्तपदीची रीत असेल तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. स्टेज, डीजे, पाच पक्वान्नं त्यात कुठंही नाहीत. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं करायचं असेल तर दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्या, महिनाभर थांबा, तीन साक्षीदार न्या.

मुलींनो, ही ओळ नीट वाचा. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१पासून गुन्हा आहे. "आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या" या गोड वाक्याआड बापाची जमीन गहाण पडते, तेव्हा ते वाक्य ऐकून गप्प बसू नका. आणि लग्नात खुशीनं मिळालेल्या वस्तूंची यादी करा: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, खाली दोघांच्या सह्या. १९८५च्या नियमांत अशी यादी सांगितलेलीच आहे, पण आमच्या तालुक्यात ती केलेलं एकही घर मी पाहिलेलं नाही. मांडव उतरायच्या आत करा. एक प्रत माहेरी ठेवा.

नोंदणी तर ९० दिवसांच्या आत कराच. खेड्यात ग्रामपंचायतीत होते, शहरात पालिकेत. वयाचे पुरावे, पत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार लागतात. भटजींची सहीही लागते, ती त्याच दिवशी घेऊन ठेवा.

हा कागद मांडवात टाकून देऊ नका. ज्या घरी यंदा लग्न आहे तिथल्या नवरदेवाच्या किंवा नवरीच्या हातात द्या, थोरल्यांच्या नको. आणि तुमच्या पत्रिकेवर मुहूर्ताच्या खाली एवढी एक ओळ छापून घ्या: "लग्न वेळेवर लागेल."

आपली,
भावकीतली एक आत्या