हीटर थंड, डोकं गरम

डिसेंबरातली पहाटेची पाच वाजताची वेळ. आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस, माझी नवीकोरी (म्हणजे सेकंडहॅण्ड, पण मला नवीच) हॅचबॅक आणि पुणे ते महाबळेश्वर असा जेमतेम सव्वाशे किलोमीटरचा प्लॅन. बाबा पुढच्या सीटवर माकडटोपी घालून, आई मागे शाल लपेटून.

कात्रजचा बोगदा मागे पडला आणि बाबा म्हणाले, "हीटर लाव की गं."

लावला. कोमट हवा आली. खंबाटकी घाटात ती गार झाली. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलो तेव्हा तर हीटर चक्क एसीसारखा वागायला लागला. "हीटरच्या नावाखाली पंखा विकलाय तुला," बाबांची कॉमेंट. मी म्हटलं, जाऊ दे, महाराष्ट्रात हीटर लागतो कुणाला? आठवड्याने बघू.

इथेच चुकलं, बॉस!

पसरणीच्या घाटात एका एसटीमागे सेकंड गिअरमध्ये रखडत चढताना टेम्परेचरचा काटा अर्ध्यावरून सरकला. मग लालच्या जवळ. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, हातात पाण्याची बाटली आणि दुसरा हात थेट रेडिएटरच्या झाकणावर. तेवढ्यात मागून येणारा टेम्पोवाला अक्षरशः ओरडला, "ओ ताई, झाकणाला हात लावू नका! तोंडावर येईल सगळं!"

त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं. पण माझा चेहरा आज जसाच्या तसा आहे, तो त्याच्यामुळे.

हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरचीच भानगड आहे. कूलिंग सिस्टिम बंदिस्त असते आणि आत दाब असतो. दाबामुळे आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब गेला, आणि त्या क्षणी सगळं उकळून बाहेर उसळतं. त्यात आपण घाटात. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे सुमारे 1,370 मीटरवर, साधं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. म्हणून दाब आणि कूलंट या दोन्ही गोष्टी लागतात.

अर्धा-पाऊण तास थांबलो. इंजिन पूर्ण निवलं. मग झाकणावर जाड फडकं टाकून ते हळूच फिरवलं, पाणी भरलं आणि काट्यावर डोळा ठेवून, रमतगमत वाईला परतलो. तिथल्या गॅरेजवाल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "हीटर गार पडला होता का आधी?"

मी गार!

त्यांनी समजावलं ते असं. हीटरसाठी गाडीत वेगळी शेगडी नसते. इंजिनमधून गरम होऊन आलेलं कूलंटच डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्याला 'हीटर कोअर' म्हणतात. त्यावरून पंखा हवा मारतो, ती आपल्याला मिळते. एरवी वाया जाणारीच उष्णता ती, जवळपास फुकटात. आता कूलंट कमी झालं आणि सिस्टिममध्ये हवा शिरली, की बऱ्याच गाड्यांत आधी उपाशी राहतो तो हा हीटर कोअर. म्हणजे काटा वर जायच्या आधीच हीटरने मला चिठ्ठी पाठवली होती. मी ती न वाचताच फाडली.

तेव्हा मंडळी, तुमचा हीटर रुसला तर त्याचा अर्थ असा लावा:

हीटर गार आणि काटा वर चढतोय: कूलंट कमी, आत हवा अडकलेली किंवा वॉटर पंप गेलेला. पुढे जाऊ नका.

हीटर कोमट आणि काटा कधीच नेहमीच्या जागी येत नाही: बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. ही इंजिन आणि रेडिएटरमधली झडप. साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान ती उघडायला हवी. सतत उघडी राहिली तर इंजिन तापतच नाही आणि पेट्रोल मात्र जास्त खातं.

काटा बरोबर, कूलंट पुरेसं, तरी हीटर गार: हीटर कोअरकडे जाणारे दोन रबरी पाइप मेकॅनिकला तपासायला सांगा. एक गरम, दुसरा गार असेल तर कोअर तुंबलाय किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गरम असतील तर डॅशबोर्डच्या आतली गरम-गार हवा वळवणारी फडकी अडकली असणार.

हायवेला ठीक, सिग्नलला काटा वर: रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज नाहीतर रिले.

काचेवर आतून चिकट वाफ, गोडसर वास, पायाखालचं मॅटिंग ओलं: हीटर कोअरच गळतोय. एसीचं पाणी ठिबकलं तर त्याला वास नसतो, चिकटपणाही नसतो.

बऱ्याच छोट्या गाड्यांत हल्ली काटाच नसतो, नुसता दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता थांबा. आणि कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडून काटाही खोटं बोलू शकतो.

घाटात काटा चढायला लागला, तर एसी बंद, हीटर फुल्ल, काचा खाली. उकडेल, पण इंजिनची थोडी उष्णता आत खेचली जाते आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत वेळ मिळतो. काटा लालला टेकला की मात्र इंजिन बंदच.

माझा दोष काय निघाला? एका होजपाइपचा क्लॅम्प सैल. पण त्याहून मोठा दोष माझा. तीन महिने टाकीतली पातळी खाली जात होती आणि मी दर वेळी नळाचं पाणी ओतून मोकळी होत होते. "जुनी गाडी आहे, पाणी पिते थोडं," असं वर स्वतःला सांगत होते. काका हसले. "ताई, गाडी पाणी पीत नाही. गळते."

सिस्टिम बंदिस्त आहे, म्हणजे पातळी पुनःपुन्हा खाली जायलाच नको. जातेय, तर ते कुठेतरी जातंय. बाहेर डाग दिसत नसेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. ते काम खिशाला परवडणारं नाही. नळाच्या पाण्याने आत क्षार साचतात आणि गंजही चढतो. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नसली, तरी कूलंट लागतं ते याचसाठी. आणीबाणीत पाणी चालेल, पण नंतर सगळं काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट भरा. नुसता रंग बघून घेऊ नका. आणि सांडलं तर लगेच धुऊन टाका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि जबरदस्त विषारी असतं. सोसायटीतली मांजरं-कुत्री चाटतात.

काम फक्त दोन मिनिटांचं आहे. महिन्यातून एकदा, सकाळी, इंजिन थंड असताना टाकीवरच्या मिन आणि मॅक्स या दोन रेघांमध्ये पातळी आहे का ते बघायचं. बस्स.

दुपारी तीनला महाबळेश्वरला पोचलो. वेण्णा लेकवर बाबांनी माकडटोपी काढली, कारण येताना हीटर इतका झकास चालला होता की त्यांना घाम फुटला होता. आई मात्र रात्री जेवताना हळूच म्हणाली, "त्या टेम्पोवाल्याला चहा तरी पाजायला हवा होता गं."

खरंय. म्हणून हा कॉलम त्याच्या नावे. त्याने मला ओरडून सांगितलं, मी तुम्हाला लिहून सांगतेय: तापलेल्या झाकणाला हात लावू नका.