सायप्रसमधील घर : आधी मालकी, मग समुद्र

परदेशात एखादे घर असावे, ही इच्छा व्यापारी कुटुंबांत आता नवलाची राहिलेली नाही. अशा वेळी भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटाचा विचार अनेकांच्या मनात येतो. १९६० पर्यंत तेथे ब्रिटिशांचा अंमल होता. त्यामुळे इंग्रजीवर व्यवहार निभावतो. २००४ पासून हा देश युरोपीय संघात आहे. करांव्यतिरिक्त किमान ३ लाख युरो किमतीचे नवे घर घेणाऱ्या आणि उत्पन्नादी अटी पुऱ्या करणाऱ्या परकीयास तेथे कायम निवासाची परवानगीही मिळू शकते.

बेटावर घर कोठे घ्यावे, याचा विचार सहसा किनारा, हवामान आणि दर यांवरून होतो. दक्षिणेतील लिमासोल महाग. लार्नाका व पाफोस त्या मानाने आवाक्यातले. उत्तरेकडील किरेनियाचा किनाराही तितकाच रमणीय, आणि घरे पुष्कळच स्वस्त. या स्वस्ताईचे कारण मात्र माहितीपत्रकात शोधून सापडत नाही.

१९७४ मध्ये तुर्की सैन्य बेटावर उतरले आणि बेट दुभंगले. उत्तरेतील ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेत गेले, दक्षिणेतील तुर्की सायप्रसवासी उत्तरेत. दोघांचीही घरेदारे मागे राहिली. उत्तरेत १९८३ मध्ये घोषित झालेल्या राज्यास तुर्कस्तानखेरीज कोणत्याही देशाची मान्यता नाही. तेथे विक्रीस असलेल्या अनेक भूखंडांवर विस्थापित मालकांचा वा त्यांच्या वारसांचा हक्क आजही कायद्याने जिवंत आहे.

लापिथोस गावी एका ब्रिटिश दांपत्याने अशाच जमिनीवर बंगला बांधला. मूळ मालकाने दावा लावला. सायप्रसच्या न्यायालयाने बांधकाम पाडून जमीन परत करण्याचा आणि भरपाई देण्याचा आदेश दिला. २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा निकाल ब्रिटनमध्येही मानला गेला पाहिजे, असे ठरविले. शिवाय २००६ पासून, नोंदणीकृत मालकाच्या संमतीवाचून अशा मालमत्तेचा व्यवहार करणे हा सायप्रसमध्ये ७ वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे.

श्रावकाला याहून जवळचा निकष उपलब्ध आहे. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे इतरांनी हिरावून आणलेली वस्तू घेणे, याची गणना होते. विस्थापन आपण घडविले नाही, दाम तर पुरेपूर मोजले, हा युक्तिवाद तेथे टिकत नाही. ज्याच्या अंगणातील झाडे अजून त्याच्या आठवणीत आहेत, त्याच्या संमतीवाचून घेतलेले घर स्वस्त असले तरी निर्दोष नव्हे.

दक्षिणेतही डोळे मिटून सही करू नये. बांधकाम व्यावसायिकाने जमीन बँकेकडे गहाण ठेवलेली आणि ग्राहकाने पूर्ण रक्कम भरूनही मालकीपत्र हाती न आलेले, अशी प्रकरणे तेथे मोठ्या संख्येने घडली आहेत. म्हणून विक्रेत्याशी संबंध नसलेला स्वतंत्र वकील नेमावा, भूनोंदणी कार्यालयात बोजांचा शोध घ्यावा, स्वतंत्र मालकीपत्र निघाले आहे का ते पाहावे आणि विक्रीकरार सही झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत त्या कार्यालयात दाखल करावा. युरोपीय संघाबाहेरील खरेदीदारास शासकीय अनुमतीही लागते.

पैसा पाठविण्याचा मार्गही तितकाच स्वच्छ हवा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. ३ लाख युरोंचे घर या मर्यादेत एका नावावर बसत नाही. कुटुंबीयांनी आपापल्या मर्यादेत रक्कम पाठवून ती एकत्र करावी लागते. अशा खरेदीसाठी बँक कर्ज देत नाही. हवालाचा विचारही करू नये. राज्याचे नियम डावलणे, ‘विरुद्धराज्यातिक्रम’, हाही त्याच व्रताचा अतिचार आहे. घर घेतल्यावर प्रतिवर्षी प्राप्तिकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्याची नोंद करावी; न केल्यास १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

बेटाच्या नकाशावर बोट ठेवण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत : ही जमीन १९७४ पूर्वी कोणाची होती, आणि आज ती विकणाऱ्याची आहे हे कोणत्या कागदावरून सिद्ध होते? ही उत्तरे निःसंदिग्ध असतील, तरच समुद्र किती दूर आहे याची चौकशी करावी.