सुरुंगाने पाडलेले चर्च

युद्धात इमारती पडतात, त्याचे कोणास नवल वाटत नाही. लाइपझिग येथील संत पॉलच्या चर्चची कथा मात्र उलटी आहे. ४ डिसेंबर १९४३ च्या बाँबवर्षावात शहर होरपळले, पण हे चर्च जवळजवळ सहीसलामत वाचले. पुढे भर शांततेच्या काळात, ३० मे १९६८ रोजी सकाळी, पूर्व जर्मनीच्या सरकारने ते सुरुंग लावून जमीनदोस्त केले.

डोमिनिकन संन्याशांच्या या चर्चची प्रतिष्ठापना १२४० ची. धर्मसुधारणेनंतर १५४३ मध्ये मठाची वास्तू विद्यापीठाकडे आली, आणि १५४५ साली खुद्द मार्टिन ल्यूथर यांनी प्रवचन करून ते प्रॉटेस्टंट उपासनेस समर्पित केले. बाखचे १७२७ मधील सुप्रसिद्ध शोकसंगीत प्रथम येथेच सादर झाले. १८४७ साली मेंडेल्सोनला शहराने अखेरचा निरोप दिला तोही येथेच. दुसऱ्या महायुद्धात स्वतःचे चर्च गमावलेल्या कॅथलिकांनाही याच छपराखाली आसरा मिळाला होता. एके काळी परस्परांच्या जिवावर उठलेले दोन पंथ एकाच वास्तूत आळीपाळीने प्रार्थना करीत, ही गोष्ट आम्हांस बाखच्या संगीताइतकीच मोलाची वाटते.

सत्ताधाऱ्यांना मात्र तेथे 'समाजवादी' चौक हवा होता. या चौकाला कार्ल मार्क्सचे नाव होते, विद्यापीठालाही त्याचेच. सर्वोच्च नेते वाल्टर उल्ब्रिख्ट हे तर लाइपझिगचेच सुपुत्र! २३ मे १९६८ रोजी नगरसभेने योजना मंजूर केली, तेव्हा विरोधात एकच हात वर झाला, तो एका पाद्र्याचा. हाच पाद्री गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता, हे पुढे उघडकीस आले. तेवढ्याने त्याचे मत खोटे ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. पण अशा राजवटीत विरोधाचा एकुलता एक हातदेखील निखळ राहू शकत नाही, हे खरे. त्याहून लाजिरवाणी गोष्ट विद्यापीठाची. ईश्वरविद्येच्या शाखेने विरोध केला, परंतु विद्यापीठाची अधिसभा योजनेच्या बाजूने उभी राहिली. चार शतके ज्यांनी ही वास्तू जपली, त्यांच्याच वारसांनी ती हातची सोडली.

धैर्य दाखविले ते तरुणांनी. २० जून १९६८ रोजी बाख स्पर्धेच्या समारोपाच्या वेळी भर सभागृहात, गजराच्या घड्याळावर चालणाऱ्या एका युक्तीने, व्यासपीठावर एक फलक आपोआप उलगडला. त्यावर चर्चचे चित्र होते आणि ते पुन्हा बांधण्याची मागणी. या कृत्याची किंमत काहींना तुरुंगवासाने मोजावी लागली.

चर्चच्या जागी विद्यापीठाची नवी इमारत आली आणि तिच्या दर्शनी भागावर मार्क्सचे अजस्र ब्राँझशिल्प बसविण्यात आले. पुढे राजवट गेली, चौकाचे नाव बदलले, शिल्पही हलविले गेले. २०१७ मध्ये त्याच जागी एरिक व्हान एगेराट या डच वास्तुविशारदाची नवी वास्तू समारंभपूर्वक खुली झाली. चर्चची आठवण देणारी ही वास्तू निम्मी सभागृह, निम्मी उपासनास्थान आहे. मध्ये पारदर्शक भिंत. तिला चर्च म्हणावे की सभागृह, यावर वर्षानुवर्षे वाद रंगले. १९६८ मध्ये घाईघाईने वाचविलेले जुने प्रवचनपीठ उद्घाटनाच्या वेळी तेथे नव्हतेच. नवी वास्तू उभारून जुन्या पापाची भरपाई होत नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही हट्टी म्हणणार नाही.

आणि ते कॅथलिक? १९६८ मध्ये ते दुसऱ्यांदा बेघर झाले. १९८२ मध्ये त्यांना शहराच्या मध्यापासून दूर एक चर्च मिळाले, पण त्याचे बांधकाम सदोष निघाले. नगरभवनासमोर त्यांचे नवे चर्च उभे राहिले ते २०१५ साली, म्हणजे सुरुंगानंतर ४७ वर्षांनी.