'छान आहे' म्हणू नका

'छान आहे!' हे मराठीतले सगळ्यात आळशी दोन शब्द आहेत, असं माझं अलीकडे पक्कं मत झालंय. कुणी घरी खपून केलेलं गाणं ऐकवलं की आपण ते दोन शब्द त्याच्या हातावर ठेवतो, देवळात चार साखरफुटाणे ठेवावेत तसे, आणि मोकळे होतो. आजची तक्रार त्या शब्दांविरुद्ध आहे. वाचणाऱ्यांत आमचे नातेवाईकही आहेत याची मला पूर्ण कल्पना आहे. काका, आत्या, मावशी, शेवटपर्यंत वाचा आणि मग खुशाल रागवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेल्या पावसाळ्यात मी घरी एक गाणं रेकॉर्ड केलं. पॉप-रॉक म्हणता येईल असं काहीतरी. शब्द मराठी, गिटार माझी, ड्रम संगणकातले आणि आवाजही माझाच (दुसरा पर्याय नव्हता). स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली. कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यांवर आजीच्या हातच्या गोधड्या टाकल्या, कारण भिंत आवाज परत फेकते आणि गोधडी तो गिळते. काम रात्री साडेअकरानंतर, कारण त्याआधी नारायणगाव काही गप्प बसत नाही. टोमॅटोचे टेम्पो, एसटी, कुणाच्या तरी वरातीतला डीजे... त्यात मधेच लाईट जाणार. जो टेक शेवटी ठेवला त्यात एक पाल चुकचुकली आहे. नीट ऐकलंत तर तुम्हालाही ऐकू येईल.

गाणं ४ मिनिटं १० सेकंदांचं. ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. पहिला अंगठा चाळीस सेकंदांत आला. दोन मिनिटं व्हायच्या आत सहा 'छान', तीन गुलाबाची फुलं आणि एक 'अभिमान आहे' जमा झालं. आता गणित तुम्हीच करा. चार मिनिटांच्या गाण्यावर चाळीस सेकंदांत मत देणारा माणूस एकतर त्रिकालज्ञानी असतो किंवा त्याने गाणं ऐकलेलं नसतं. आमच्या घराण्यात त्रिकालज्ञानी कुणी असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझं सोडा. माझी पन्नाशी जवळ आली, मला कुठे आता कॅसेट काढायची आहे! पण त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सतरा वर्षांच्या भाचीने तिचं गाणं त्याच ग्रुपवर टाकलं होतं. तिने स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं. अकरा जण 'छान' म्हणाले. मी तिच्याशी तिसऱ्या कडव्याबद्दल बोलायला लागलो, तर ती म्हणाली, "मामा, तिसरं कडवं आहे हे माहीत असलेला तू एकटाच दिसतोस." त्यानंतर तिने गाणं केलेलं नाही. गिटार कपाटावर आहे, खोळीत. कुणीही तिला एक वाईट शब्द बोललेलं नाही. सगळे चांगलंच बोलले, आणि त्यातला एकही शब्द तिच्या गाण्याबद्दल नव्हता. पोरीला ते कळलं. पोरांना कळतं हो!

आणि हे कुठल्या गावात चाललंय? ज्या नारायणगावात दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात तिथे. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, फडमालकाशी घासाघीस करतात, सुपारी ठरते. तमाशाला अभिप्राय मागावा लागत नाही. गण-गौळण झाली, बतावणी रंगली तर टोप्या उडतात. वग पडला तर लोक उठून चहाच्या टपरीवर जातात आणि ते पाठीला पाठ लावून जाणं स्टेजवरून स्पष्ट दिसतं. यातलं सगळंच गोड नव्हतं हेही सांगायला हवं. दौलतजादा करताना नोट कशी पुढे केली जायची, बाईला काय काय ऐकून घ्यावं लागायचं, ते विसरून तमाशाच्या प्रेक्षकाची आरती ओवाळणं हा खोटेपणा होईल. पण तो प्रेक्षक बघत होता, ऐकत होता, एवढं नक्की.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. इथे लहानपणापासून ती आम्ही ऐकत आलो. दिवस भरलेले असताना विठाबाई स्टेजवर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि उरलेला खेळ करायला परत स्टेजवर आल्या, असं सांगतात. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि त्यांच्या जिद्दीबद्दल बोलतात. ती जिद्द होतीच. १९५७ आणि १९९० साली दोन वेळा राष्ट्रपती पुरस्कार उगीच नाही मिळाले. मला मात्र गोष्टीचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. समोर बसलेल्या लोकांच्या लक्षात आलं की मघाशी होतं ते पोट आता नाही. त्यांनी विचारलं. कळल्यावर त्यांनीच खेळ थांबवायला लावला आणि बाईला विश्रांती घ्यायला पाठवलं. त्या प्रेक्षकांत कुणी संगीत विशारद बसले नव्हते. पण समोरची बाई मघाशी कशी होती आणि आता कशी आहे, एवढं त्यांना दिसत होतं.

त्याच विठाबाईंची शेवटची वर्षं हलाखीत गेली, २००२ साली त्या गेल्या, आणि आता त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. म्हणजे आपल्याला कौतुक करता येत नाही असं नाही. फक्त ते वेळेवर आणि बघून-ऐकून करायचा कंटाळा आहे.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. हे 'छान' म्हणत नाहीत. हे जाणकार. यांना गाणं ऐकवलं की पहिला प्रश्न, "माइक कुठला वापरलास?" मग "व्होकल थोडे मागे आहेत", "एवढा नॉइज का?", "स्टुडिओत जाऊन नीट कर, मग बघू." बरोबर असेल त्यांचं, नाही असं नाही. पण सतरा वर्षांच्या पोरीने रात्री गोधडी पांघरून म्हटलेल्या गाण्याला पहिला प्रश्न माइकचा? १९८२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीच्या घरी, बेडरूममध्ये, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी नुसती नमुना म्हणून भरली. नंतर बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी वाजवून बघितली, पण ती मजा येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' हा अल्बम निघाला. हे जुनं वाटत असेल तर बिली आयलिशचं २०१५ सालचं पहिलं गाजलेलं गाणं घ्या. ते तिच्या भावाच्या खोलीत झालं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. म्हणजे आपल्या प्रत्येक घरात एक स्प्रिंगस्टीन दडलाय असं मी म्हणत नाही. गाणं आणि त्याचं रेकॉर्डिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीबद्दल बोलून पहिली टाळता येते, एवढंच म्हणणं आहे.

नॉइजवर नाक मुरडणाऱ्यांना मी एकदा खोडदला घेऊन जाणार आहे. आमच्या नारायणगावापासून हाकेच्या अंतरावर जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशाकडे तोंड करून नुसत्या ऐकत असतात. जे ऐकायचं ते इतकं क्षीण की मोबाईलचे टॉवर आणि विजेच्या तारा यांचा कलकलाट त्याच्यापुढे वरातीतला बँड वाटावा. तरी तिथले लोक 'नॉइज फार आहे, नीट करून पाठवा' असं विश्वाला कळवत नाहीत. कलकलाट कुठला ते ओळखून बाजूला काढतात आणि उरलेलं ऐकतात. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं की या दुर्बिणीतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत पकडला गेला. ८८० कोटी वर्षं! आणि आपल्याला एका पालीच्या चुकचुकण्यातून पोरीचा आवाज वेगळा काढता येत नाही?

तिसरा प्रकार गाणं सुरू व्हायच्या आधीच निकाल देणाऱ्यांचा. "मराठीत रॉक? शोभत नाही रे." हे 'शोभत नाही' प्रकरण जुनं आहे. आपली पेटी घ्या. हार्मोनियम परदेशातून आलेली, श्रुतींना न पेलणारी, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती जवळजवळ तीन दशकं टिकली, थेट १९७१ पर्यंत. आज पेटीशिवाय भजन करून दाखवा गावात. उद्या गिटारचंही तेच होईल की नाही मला सांगता येणार नाही. 'अभंग रिपोस्ट'सारखा बँड अभंगांना गिटार आणि ड्रमची साथ देतोच आहे, आणि ऐकणारे ऐकताहेत. तुम्हाला नसेल आवडत तर जरूर सांगा. पण ऐकून सांगा. ऐकायच्या आधी सांगितलेलं मत गाण्याबद्दल नसतं, तुमच्याबद्दल असतं.

आता तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. "अरे, पोरांचा उत्साह मोडू नये म्हणून म्हणतो आपण छान. लगेच चुका काढायच्या का?" चुका काढा असं मी म्हटलेलंच नाही. आमच्या इथल्या टोमॅटोच्या बाजारात या. शेतकऱ्याने क्रेट पुढे ठेवला की व्यापारी 'छान आहे' म्हणून पुढे जात नाही. वरचे चार बाजूला करून खालचे बघतो, हातात घेऊन दाबून बघतो आणि मग भाव बोलतो. भाव कमी आला तर शेतकरी कुरकुरतो, भांडतो. पण माल बघितलाच नाही ही तक्रार त्याची नसते. एवढीच अपेक्षा आहे. खालचे बघा.

"आम्हाला गाण्यातलं काय कळतं?" हे दुसरं ठेवणीतलं उत्तर. तर त्याचा किस्सा ऐका. माझ्या गाण्यावरचा सगळ्यात चांगला अभिप्राय मला एका टेम्पोवाल्याने दिला. पेनड्राइव्ह त्याच्या गाडीत लावला होता, आळेफाट्यापर्यंत आम्ही बरोबर होतो. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "बाकी झ्याक चाललं होतं, पण मधीच थांबलात का? मला वाटलं पेनड्राइव्ह अडकला. हात घालणार होतो." दुसऱ्या कडव्यानंतर मी मुद्दाम दोन मात्रा सगळं बंद ठेवलंय. त्याला ते आवडलं नाही. मी ते बदललेलंही नाही, ती शांतता मला तिथे हवीच आहे. पण त्या दोन मात्रांच्या शांततेत एका माणसाचा हात स्टेरिओकडे गेला होता! ग्रुपवरच्या सगळ्या फुलांपेक्षा मला त्या हाताचं मोल जास्त आहे. त्याला मात्रा म्हणजे काय ते माहीत नाही. पण गाणं कुठे थांबलं ते माहीत आहे, कारण तो ऐकत होता.

तेव्हा मंडळी, यापुढे कुणी घरचं गाणं ऐकवलं तर एवढं करा. वेळ नसेल तर सरळ सांगा, "आत्ता नाही, रविवारी ऐकतो." त्यात अपमान काही नाही. ऐकाल तेव्हा शेवटपर्यंत ऐका. आणि मग एकच गोष्ट सांगा, पण ती त्या गाण्यातली असू द्या. कुठली ओळ डोक्यात राहिली, कुठे कंटाळा आला, कुठला शब्द कळलाच नाही. "दुसऱ्या कडव्यात मी भाजी चिरायला घेतली" हासुद्धा उत्तम अभिप्राय आहे. त्यात दुसरं कडवं आहे.

माझ्या गाण्याचा निकाल लागला तर लागला, नाही तर नाही. पण त्या पोरीचं गाणं तुमच्यापैकी अकरा जणांच्या फोनमध्ये अजून असणार. ३ मिनिटं ३५ सेकंदांचं आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर लावा, टीव्ही बंद करून. तिसऱ्या कडव्यात ती एका पुलाबद्दल काहीतरी म्हणते. काय म्हणते ते मी सांगणार नाही. ऐका, आणि उद्या फोन करून तिलाच विचारा. फोन लावाल तेव्हा 'छान' हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. ती ठेवून देईल. :)