तारण आणि मुक्ती

मराठी बायबलमध्ये आत्म्याच्या उद्धारासाठी 'तारण' हा शब्द रूढ आहे. मराठी शेतकऱ्याला मात्र या शब्दाचा दुसरा अर्थ अधिक परिचयाचा आहे. कर्जापोटी जमीन अडकते तेव्हा ती 'तारण' असते. प्रार्थनामंदिरात दिलासा देणारा शब्द सावकाराच्या ओसरीवर पोटात गोळा आणतो. या दोन अर्थांचा परस्परांशी काही संबंध आहे काय? आत्म्याच्या तारणाची भाषा बोलणाऱ्याने गहाण पडलेल्या जमिनीविषयी मौन पाळावे काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिन अमेरिकेतील काही कॅथलिक धर्मगुरूंनी नेमका हाच प्रश्न आपल्या भाषेत विचारला. त्यातून जी विचारधारा उभी राहिली तिला 'मुक्तीचे ईश्वरशास्त्र' म्हणतात.

१९६८ साली कोलंबियातील मेडेयीन येथे त्या खंडातील बिशपांची परिषद भरली. तेथील दारिद्र्याच्या मुळाशी अन्यायी समाजरचना आहे आणि ती रचना स्वतःच एक प्रकारची हिंसा आहे, अशी भूमिका परिषदेने घेतली. १९७१ साली पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या ग्रंथाने या भूमिकेला सैद्धांतिक बैठक दिली. गुतिएरेझ यांच्या मते मुक्तीचे तीन स्तर आहेत : सामाजिक-राजकीय दास्यातून सुटका, माणसाने आपल्या इतिहासाचा कर्ता होणे आणि पापापासून मुक्ती. हे स्तर वेगवेगळे ओळखता येतात, परंतु त्यांची एकमेकांपासून फारकत करता येत नाही. परलोकीचे तारण आणि इहलोकीची सुटका यांचा इतिहास एकच आहे, हा त्यांचा मुख्य सिद्धांत होय.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र या चळवळीतील एक वेगळाच प्रयोग अधिक मोलाचा वाटेल. निकाराग्वाचे कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांनी १९६६ साली सोलेंतिनामे या बेटांवर एक लहानसा समुदाय वसवला. तेथे रविवारच्या मिस्सेत ठरीव प्रवचनाऐवजी शुभवर्तमानातील उताऱ्यावर चर्चा होई. बोलणारे शेतकरी आणि कोळी होते. त्यांतील काहींना वाचताही येत नव्हते. कार्देनाल यांनी या चर्चा नोंदवून पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. मरियेचे स्तोत्र वाचले गेले तेव्हा, हेरोद राजाने ते ऐकले असते तर तो काय म्हणाला असता, असा प्रश्न निघाला. तो तिला कम्युनिस्ट ठरवून मोकळा झाला असता, असे एक उत्तर आले. सोमोसांच्या राजवटीत जगणाऱ्या त्या लोकांना हेरोद समजण्यासाठी टीपांची गरज पडली नाही.

आपल्या वर्गांत आजही 'लेखकाला काय म्हणायचे आहे' या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकात शोधले जाते. अर्थ अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतो आणि विद्यार्थी तो उसना घेतो. सोलेंतिनामेत ही उतरंड मोडली. वाचक कोठे उभा राहून वाचतो यावर त्याला काय दिसते हे अवलंबून असते, ही गोष्ट तेथे रविवारच्या उपासनेत सिद्ध झाली. गरिबांना केवळ अन्न न देता अर्थ लावण्याचा अधिकार देणे, ही मला या विचारधारेची सर्वांत मोठी कमाई वाटते. दानधर्मात घेणारा गप्प असतो. येथे तो बोलू लागला.

या विचारावरील आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. १९८४ साली कार्डिनल रात्झिंगर यांच्या खात्याने काढलेल्या निवेदनात, मार्क्सवादी विश्लेषण जसेच्या तसे उचलले तर श्रद्धेचे राजकारणात विसर्जन होईल, असा इशारा होता. त्याच निवेदनात, हा इशारा गरिबांच्या दुःखाकडे पाठ फिरवण्याची सबब होऊ नये, असेही बजावले होते; विरोधक आणि समर्थक दोघेही हा भाग सोयीस्करपणे विसरतात. प्रत्यक्ष घटनाही गुंतागुंतीच्या आहेत. १९७७ साली सोलेंतिनामेतील तरुणांनी सान कार्लोसच्या लष्करी ठाण्यावरील हल्ल्यात भाग घेतला, काही प्राणांस मुकले आणि लष्कराने तो समुदाय उद्ध्वस्त केला. शेजारच्या एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८० रोजी सैनिकांना दडपशाही थांबवण्याची आज्ञा केली; दुसऱ्याच दिवशी मिस्सा अर्पण करताना त्यांची हत्या झाली. एका ठिकाणी हाती बंदूक आली, दुसऱ्या ठिकाणी केवळ शब्द होता. दोन्ही प्रतिसाद गरिबांच्या बाजूचेच होते, परंतु ते एकच होते असे म्हणता येणार नाही.

या विचाराची खरी कसोटी तर सत्ता आल्यावर लागली. १९७९ च्या क्रांतीनंतर कार्देनाल सांस्कृतिक मंत्री झाले. १९८३ साली मानाग्वाच्या विमानतळावर गुडघे टेकलेल्या या कवीला पोप जॉन पॉल दुसरे यांनी बोट उगारून समज दिली. पुढच्या वर्षी त्यांचे धर्मगुरुपदाचे अधिकार काढून घेण्यात आले. ते २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी परत दिले. परंतु याच कार्देनाल यांनी १९९४ साली आपल्या पक्षाशी फारकत घेतली होती आणि ओर्तेगांच्या हुकूमशाहीवर ते शेवटपर्यंत टीका करीत राहिले. २०२० साली त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेत ओर्तेगांच्या समर्थकांनी त्यांना देशद्रोही म्हणत गोंधळ घातला. गरिबांची बाजू घेणे म्हणजे गरिबांच्या नावाने राज्य करणाऱ्यांची बाजू घेणे नव्हे, हे त्यांनी जगून दाखवले. त्यासाठी त्यांना आधी धर्मसत्तेचा आणि नंतर राजसत्तेचा रोष पत्करावा लागला.

आपल्या मातीतून या विचारावर आणखी एक आक्षेप आला. मराठी ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली. पुढे ती दलित ईश्वरशास्त्र म्हणून विकसित झाली. केवळ वर्ग पाहणाऱ्या विश्लेषणाला भारतातील जात दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. भारतातील ख्रिस्ती समाजात दलितांची संख्या मोठी असूनही चर्चचा विचार उच्चवर्णीयांच्या परंपरेशी संवाद साधण्यात गुंतला होता, ही त्यांची तक्रार अधिक बोचरी आहे. ज्यांच्या दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिलेली आहे, त्यांनी मेडेयीनचे गोडवे गाण्याआधी ती भिंत पाहिली पाहिजे.

'मुक्ती' हा शब्द आपल्याकडे मोक्षाच्या ओढीने इतका वर गेला आहे की त्याला जमिनीवर आणणे कठीण. पंडिता रमाबाईंनी केडगावला निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या आश्रयस्थानाला हेच नाव दिले, तेव्हा त्यांनी तो जमिनीवर आणला होता. तेथे मुक्तीमध्ये भाकरी, अक्षरओळख आणि हाताला काम यांचा समावेश होता. लॅटिन अमेरिकेतील हा विचार मराठी वाचकाला परका वाटण्याचे म्हणूनच कारण नाही. त्याच्या त्रुटी मान्य करूनही त्याने विचारलेला प्रश्न उरतोच : ज्याची जमीन तारण पडली आहे, तो आपल्या 'तारणा'च्या शिकवणीचा कोणता अर्थ लावतो, हे आपण त्याला कधी विचारले आहे काय?