शर्यतीच्या गाडीला घाट हवा

मावळात 'घाट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक खंडाळ्याचा बोरघाट, जिथून गाड्या कोकणात आणि मुंबईकडे उतरतात. दुसरा गावच्या यात्रेतला, बैलगाडा शर्यतीचा. चढाची, दोन्ही बाजूंनी अडवलेली, दगडगोटे वेचून साफ केलेली ती धाव. तिथे बारी सुटते, घड्याळ सेकंदाचे तुकडे मोजते आणि पंधरा-वीस सेकंदांच्या आत निकाल लागतो. त्या काही सेकंदांसाठी बैल वर्षभर पोटच्या पोरासारखा सांभाळलेला असतो. त्याला कोणी नांगराला जुंपत नाही, मालाच्या गाडीला लावत नाही. तो कितीही वेगवान असला, तरी त्याला चाकण रस्त्यावर रहदारीत कोणी पळवत नाही.

गेल्या काही वर्षांत आणखी एक शर्यतीचा बैल या तालुक्यातून जाऊ लागला आहे. शनिवार-रविवारी सकाळी वडगावच्या फाट्यावर उभे राहिले, तर जमिनीला चिकटून चाललेल्या, मागे भलामोठा पंख लावलेल्या गाड्या लोणावळ्याच्या दिशेने जाताना दिसतात. आवाज आधी येतो, गाडी नंतर. कान्हे, कामशेतची मुले मोबाइल सरसावून रस्त्याकडेला उभी असतात. त्या मुलांच्या डोळ्यांतले कौतुक आम्हाला खोटे वाटत नाही. चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांवर इथली हजारो घरे चालतात. यंत्र चांगले असले म्हणजे ते चांगले म्हणण्याइतके इथल्या माणसाला यंत्र कळते. म्हणून हा विषय श्रीमंतांबद्दलच्या आकसाचा करू नये. प्रश्न इतकाच, की ट्रॅकसाठी घडवलेली गाडी घेणारा माणूस ती पळवणार कुठे?

आधी ही गाडी काय असते, ते नीट समजून घेऊ. वेगवान गाडी आणि ट्रॅकसाठी घडवलेली गाडी यांत फरक आहे. उदाहरणादाखल पोर्शे ९११ जीटी३ आरएस घ्या. ४ लिटरचे, टर्बो नसलेले सहा सिलिंडरचे इंजिन, ५२५ अश्वशक्ती, मिनिटाला ९ हजार फेऱ्या. पण तिची खरी ओळख इंजिनात नाही, हवेत आहे. मागचा पंख, पुढची झडप, तळाचा आकार या सगळ्यांमुळे वाहती हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते. कंपनीच्या आकड्यांनुसार ताशी २०० किलोमीटरला हा दाब ४०९ किलोचा आणि २८५ ला ८६० किलोचा असतो. गाडीचे स्वतःचे वजन साधारण साडेचौदाशे किलो. म्हणजे त्या वेगात गाडीवर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे अदृश्य ओझे बसते आणि त्या जोरावर ती वळण घेते. याची किंमत म्हणून पुढची डिकीही गेली. तिच्या जागी मोठा रेडिएटर आला आहे.

हवेचा दाब साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा झाला, की दाब चौथाईवर येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींसाठी मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, घाटात त्याहूनही कमी. त्या वेगाला पंखाचा दाब उरतो शंभर किलोच्या आसपास. ज्या गुणासाठी कोट्यवधी रुपये मोजले, तो गुण कायद्याच्या मर्यादेत जवळजवळ झोपलेलाच राहतो.

टायरचेही तसेच. या गाड्यांना मिळणारे अर्धे-शर्यतीचे टायर मऊ रबराचे आणि उथळ नक्षीचे असतात. दोन-तीन फेऱ्या मारून ते तापले, की डांबराला धरतात. थंड असताना त्यांची पकड कमी असते. ओल्या रस्त्यावर उथळ नक्षीतून पाणी बाहेर पडायला वाव नसतो, आणि गाडी रस्त्याऐवजी पाण्याच्या थरावर चालू लागते. लोणावळ्यात वर्षाला ४ हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भुशी धरणाच्या वाटेवर किंवा पवनेच्या काठाने अशा टायरांवर साध्या वेगाने जाणेही धोक्याचे आहे. शहाणे मालक पावसाळ्यात गाडी झाकून ठेवतात, बॅटरीला चार्जर लावून ठेवतात आणि उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून आठवड्याला बॉनेट उघडून बघतात.

आता खर्च. परदेशात पूर्ण बांधून आयात झालेल्या ४० हजार डॉलरपेक्षा महागड्या गाडीवर सीमाशुल्क आणि उपकर मिळून ११० टक्के बोजा पडतो. त्यावर ४० टक्के जीएसटी. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी वाहनकर २० टक्के आहे, पण त्याला कमाल मर्यादा आहे. ती २० लाखांची होती, २०२५ मध्ये ३० लाखांची झाली. म्हणजे दीड कोटीच्या गाडीला जो कर, तोच पाच कोटींच्या गाडीला. कर वाचवण्यासाठी परराज्यात नोंदवलेल्या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. त्या घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवली, तर इथली नोंदणी आणि इथला कर चुकत नाही. जुनी गाडी ट्रॅकवर चाललेली असणे हा दोष नव्हे. उलट ट्रॅकवर चाललेल्या आणि वेळच्या वेळी ब्रेक ऑइल बदललेल्या गाडीची वही पाहायला मिळाली, तर ती न चालवता उभी राहिलेल्या गाडीपेक्षा बरी. इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले, याची नोंद संगणकात राहते. ती काढून मागावी.

हे सगळे बहुतेक खरेदीदारांना माहीत असते. विम्याची गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी यांसाठीचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. ट्रॅकवर भिंतीला गाडी लागली, तर भरपाई मिळेल असे धरून चालू नये. एका दिवसात ब्रेकचे पॅड संपणे, दोन-चार दिवसांत टायर उतरणे, हेही खिशातूनच. या गाडीची खरी किंमत शोरूममधल्या कागदावर नसते. तिच्यात ट्रॅकपर्यंतचा प्रवास, टायर, ब्रेक आणि मोडतोडीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम धरावी लागते. ती रक्कम धरायची तयारी नसेल, तर माणसाने वेगळ्या प्रकारची गाडी घ्यावी. तिच्यात त्याला अधिक सुख मिळेल.

पण ट्रॅक आहे कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे ३.७ किलोमीटरचा जुना, नावाजलेला ट्रॅक आहे. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली. इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग आहे, पण तो मुळात कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. वडगावहून चेन्नई किंवा कोइमतूर हजार किलोमीटरहून दूर. गाडी ट्रकवर चढवायची, पाठवायची, आपण विमानाने जायचे. लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही सरळ रेषेतली शर्यत भरते. तिथे हेल्मेट असते, तपासणी असते, प्रेक्षक कठड्यामागे असतात, आणि रस्त्यावरची खुमखुमी जिरवायला तिचा नक्कीच उपयोग झाला आहे. पण सरळ पळणे हा या गाड्यांच्या कसबाचा लहानसा भाग. त्यांचे कसब वळणात आणि ब्रेकमध्ये आहे.

आणि वळणे म्हटली, की लोक घाटात येतात. इथे आमचा विरोध सुरू होतो. वेग दुप्पट झाला, की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी १०० ला गाडी सेकंदात २८ मीटर जाते, २५० ला जवळपास ७० मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर गेलेले असते. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते, खडीची पट्टी असते, टायरची भिंत असते, झेंडा घेऊन माणूस उभा असतो, रुग्णवाहिकेचे इंजिन चालू असते. मुख्य म्हणजे समोरून कोणी येत नाही. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या रस्त्यावर समोरून एसटी येते. दुधाचे कॅन लावलेली दुचाकी येते. वळणाबाहेर दरी असते. चालक कितीही निष्णात असला, तरी या गोष्टी त्याच्या हातात नाहीत.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करण्यास बंदी घालते. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोट्यवधींची गाडी ठेवणाऱ्याला ५ हजारांचे भय नाही. म्हणून दंड घेऊन सोडून देणे पुरेसे नाही. परवाना रोखण्याचा अधिकार परिवहन खात्याकडे आहे आणि तो वापरला गेला पाहिजे. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आहे. जुना महामार्ग आणि लोणावळ्यापुढचे डोंगररस्ते मात्र पोलिसांच्या उपस्थितीवरच अवलंबून आहेत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे झाले, ते या जिल्ह्यातला माणूस विसरू शकत नाही. गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी पोर्शे टायकन, विजेवरची. चालवणारा १७ वर्षांचा असल्याचे पोलिसांचे म्हणणे. १,७५८ रुपये शुल्क भरले नाही म्हणून कायम नोंदणी राहून गेलेली ती गाडी रस्त्यावर होती. शुल्क थकलेले असताना, नंबर नसताना गाडी घराबाहेर पडू शकते, हे त्या रात्रीने दाखवले. कायद्यात अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शक्तिशाली गाडी विकणाऱ्यांनीही चावी कोणाच्या हातात जाते, यावर लक्ष ठेवले पाहिजे. कागद पूर्ण होईपर्यंत गाडी शोरूमबाहेर जाऊ न देणे एवढे तरी त्यांच्या हातात आहेच.

हा प्रश्न पुढे वाढणार आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर झालेल्या व्यापार करारात तिथल्या गाड्यांवरचे आयात शुल्क ठरावीक संख्येच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याचे ठरले आहे. गाड्या स्वस्त होतील, वाढतील. रस्ते आहेत तेच राहतील.

म्हणून आमच्याच तालुक्यात, तळेगावजवळच्या नाणोलीत 'नाणोली स्पीडवे' या नावाने खासगी रेसिंग ट्रॅकचा जो प्रकल्प हाती घेण्यात आला आहे, त्याकडे मावळाने मोकळ्या मनाने पाहावे, असे आम्हाला वाटते. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला २ मध्ये शर्यती जिंकला, कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये धावला. ते घडत होते, तेव्हा महाराष्ट्रात मोटारींचा पूर्ण लांबीचा ट्रॅक नव्हता. ट्रॅकला विरोध करण्याजोगी कारणेही आहेत. आवाज, पाणी, आसपासची शेती, वाढणारी वर्दळ. या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत, उघडपणे आणि आकड्यांनिशी मिळाली पाहिजेत. आवाजाच्या वेळा ठरल्या पाहिजेत. झेंडेवाले, यांत्रिकी, अग्निशमन यांच्या प्रशिक्षणात इथल्या पोरांना पहिली जागा मिळाली पाहिजे. आणि ट्रॅक फक्त पाच कोटींच्या गाड्यांचा राहू नये. महिन्यातले काही दिवस परवडणाऱ्या दरात साध्या स्विफ्टवाल्याला, दुचाकीवाल्याला खुले हवेत. लोणावळ्याच्या घाटात जीव धोक्यात घालणाऱ्यांत दुचाकीवरची पोरे कमी नाहीत.

शौक नियमांत बसू शकतो, हे मावळाला सांगायला नको. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली. गाडामालक सात वर्षे झगडले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतीला मुभा देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते, काठी आणि पराणी चालत नाही. शौक टिकवायचा असेल, तर नियम अंगावर घ्यावे लागतात, हे गाडामालकांनी मान्य केले. शर्यत टिकली.

गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकाला आमचे एवढेच सांगणे आहे. टोकन भरण्याआधी दोन दिवस काढा आणि कोइमतूर किंवा चेन्नईच्या रेसिंग शाळेत जा. तिथली छोटी, जुनी, शाळेची गाडी चालवा. प्रशिक्षक तुमचे चुकलेले ब्रेक दाखवील, ते ऐका. मग घरी येऊन ठरवा. आणि गाडी घेतलीतच, तर रविवारी सकाळी आमच्या फाट्यावरून जाताना शाळेला निघाल्यासारखे जा. मुले बघायला उभी असतील.