त्यागाची पूजा, श्रमाची उपेक्षा

थोर शिक्षिकांच्या प्रतिमांना वर्षातून एकदा हार घालावा आणि त्यांचे कार्य पुढे नेणाऱ्या स्त्रियांकडे वर्षभर पाठ फिरवावी, ही महाराष्ट्राची जुनी खोड आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या वाट्याला नेमके हेच आले.

ताराबाईंनी राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्रमुखपद सोडले आणि भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत बालशिक्षणाचे व्रत घेतले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरींची पद्धत महागड्या साधनांत अडकू नये म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांनाच शिक्षणसाधन केले. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डीस आल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांत वैधव्य भोगलेल्या अनुताई या कार्यात आल्या, त्या १९९२ साली देह ठेवीपर्यंत. कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या वनवासी मुलांसाठी कुरणशाळाही भरली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शब्द उचलला, त्यामागील शिक्षिकेची प्रतिष्ठा मात्र मागेच राहिली. मुलांना शिकविणारी, पोषण आहार देणारी, वजनांच्या नोंदी ठेवणारी स्त्री शासनाच्या लेखी शिक्षिका नव्हे, 'मानसेवी' सेविका! तिला वेतन नाही, 'मानधन' आहे. ज्या धनात मान नाही, त्यास मानधन म्हणणे हा शब्दच्छल नव्हे काय?

यावर ठरलेले उत्तर येते : ताराबाई-अनुताईंनी कधी पगाराचा हिशेब मांडला होता? हा युक्तिवाद वरवर उदात्त, मुळात अप्रामाणिक आहे. त्यांचा त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. त्याग स्वेच्छेने केला तर ते तप. दुसऱ्याकडून सक्तीने वसूल केला तर ते शोषण. जिच्या मानधनावर घरची चूल पेटते, तिला त्यागाचे पाठ देण्याचा अधिकार सुखवस्तूंना कोणी दिला?

सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायद्याचा लाभ मान्य केला आणि त्या कायद्यापुरते मानधन हेही वेतनच ठरविले. म्हणजे योजना सुरू होऊन ४६ वर्षे लोटल्यावर, तेही न्यायालयाची पायरी चढल्यावर! २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पाया मानते. पाया भक्कम हवा, परंतु तो रचणारे हात अर्धपोटी राहिले तरी चालतील, हे कोणते शहाणपण?

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण, तर अनुताईंना पद्मश्री देऊन राष्ट्राने गौरविले. तो गौरव खरा असेल, तर अंगणवाडीतील बाईंना शिक्षिकेचा दर्जा आणि शिक्षिकेचे वेतन मिळालेच पाहिजे. तोवर प्रतिमेवरील प्रत्येक हार हे केवळ कर्मकांडच ठरेल.